साज कुणाचा, बडीशेप कुणाची?

प्रश्न: काकी, मी राजारामपुरीत राहते आणि तीन वर्षं हलव्याचे दागिने करते. यंदा मी हलव्याचा कोल्हापुरी साज केला. त्यातल्या लांबट जवमण्यांसाठी तिळाच्या हलव्याऐवजी बडीशेपेवरचा हलवा वापरला. डिसेंबरच्या सुरुवातीला फोटो टाकला, तो भरपूर फिरला. पंधरा दिवसांत माझ्याच क्लासला येऊन गेलेल्या एका बाईंनी तसाच साज निम्म्या किमतीत विकायला काढला, आणि जाहिरातीत फोटोही माझाच लावला. आता फोटो टाकणं आणि शिकवणं बंद करावं का? शिवाय मनात खुपतंय ते वेगळंच. मी स्वतः सगळं दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून शिकले. मग मला चिडायचा अधिकार तरी आहे का?

उत्तर: काकी म्हणालीस, तेव्हा अहो-जाहो बाजूला ठेवते. संक्रांतीचा हंगाम नुकताच उरकलाय, बोटांना अजून पाकाचे चटके आहेत, त्यामुळं उत्तर लांबेल आणि मध्येच भरकटेलही. सांभाळून घे.

फोटोचं आधी संपवू, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. फोटो तू काढलास, तो तुझा. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे आणि त्याप्रमाणं फोटो काढला त्याच क्षणी हक्क तयार होतो. कुठं नोंदणी करावी लागत नाही, खाली नाव घालावं लागत नाही. तो हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो, म्हणजे तुझ्या नातवंडांपर्यंत. तेव्हा तिला फोन कर. मेसेज नको. रागात लिहिलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट सगळ्या पेठा फिरून येतात आणि शेवटी आपणच भांडखोर ठरतो. फोनवर एवढंच म्हण: "तुमच्या जाहिरातीत माझा फोटो आहे. आज रात्रीपर्यंत काढा. तुम्ही केलेल्या साजाचा फोटो लावा, त्याला माझी हरकत नाही." ऐकलं नाही, तर इन्स्टाग्रामवर तक्रारीचा फॉर्म आहे. त्यात तुझ्या मूळ पोस्टची आणि तिच्या पोस्टची अशा दोन्ही लिंक द्याव्या लागतात. मूळ फोटो फोनमधून पुसू नकोस. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या प्रतीत काढल्याची तारीख-वेळ राहत नाही, मूळ फाइलमध्ये असते.

आता एक बघ. तिनं स्वतःच्या साजाचा फोटो का लावला नसेल? साज तर तिनं केलाय, विकतेही आहे. मला वाटतं, तिचा साज तुझ्यासारखा दिसत नसणार. कुणाकडून तरी तो मागवून हातात घेऊन बघ. मी पैज लावते की तिची बडीशेप गोल झालेली असेल. का, ते पुढं सांगते.

तुझ्या प्रश्नाचा खरा गाभा नमुना आणि कृती यांच्यातला फरक आहे, आणि आपण बायका हे दोन्ही एकाच डब्यात भरून ठेवतो.

साज घे. तो तुझा नाही, माझा नाही, गुजरीतल्या कुठल्या एका सोनाराचाही नाही. जुने सोनार साजाची एकवीस पानं, म्हणजे पदकं, सांगतात: दशावताराची दहा, अष्टमंगलाची आठ, माणिक आणि पाचूची दोन आणि शेवटचं डोरलं. हल्ली दहा-बारा पानांवरही भागवतात, कारण सोन्याचे भाव. चंद्र, शंख, बेलपान, मासा, कासव, भुंगा, कारलं ही पानं कुणी पहिल्यांदा ठोकली याचा पत्ता नाही. ती आपल्या आज्यांच्या गळ्यात होती. तू ती हलव्यात आणलीस, मी २००६ साली आणली होती, माझ्या आधीही कुणीतरी आणली असणार. तेव्हा "हलव्याचा साज माझा" असं तू म्हणालीस, तर मी तुझ्या बाजूनं उभी राहणार नाही.

पण माझा २००६ चा साज कसा होता ते ऐक. जवमणी म्हणजे जवाच्या दाण्यासारखा, दोन्ही टोकांना निमुळता. मी तिथं तिळाचा हलवा वापरला. तीळ चपटा असला तरी पाकाचे थर चढता चढता गोल होतो. एक-एक दाणा दोऱ्यात गाठून सगळा साज उभा केला आणि लांबून बघितलं, तर बोरमाळ! नवरीच्या सासूबाईंनी विचारलं, "बोरमाळेला मासा कशाला लावलाय?" त्यानंतर मी साजाच्या वाटेला गेले नाही. तुला सुचलं की दाणाच मुळात लांबट घ्यावा. बडीशेपेवरचा हलवा आपल्याकडं जुनाच आहे, खसखशीचा, साबुदाण्याचा, लवंगेचा असतो तसाच. पण तो जवमण्याच्या जागी बसेल हे मला वीस वर्षांत सुचलं नाही. आणि बडीशेपेवर पाक चढवताना हात कधी थांबवायचा, हे तर बघूनही कळत नाही. दोन थर कमी पडले तर काटा येत नाही, म्हणजे दाणा काटेरी होत नाही. दोन जास्त झाले तर टोकं भरतात आणि दाणा गोल होतो. ते थांबणं तुझ्या बोटांत आहे. म्हणून म्हटलं, तिची बडीशेप गोल झालेली असणार.

म्हणजे या एका दागिन्यात साजाचा आकार सगळ्यांचा आहे. बडीशेप लावायची सूचना तुझी, पण ती बघणाऱ्याला एका नजरेत कळते, त्यामुळं ती तुझ्याकडं राहणार नाही. थांबायचं कधी हे तुझं, आणि ते शिकवलंस तरी निम्म्याजणींनाच जमेल.

कायदाही जवळजवळ असंच बघतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सांगितलं की कल्पनेवर कुणाचा कॉपीराइट नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. तो खटला नाटक-सिनेमाचा होता, पण तत्त्व आपल्यालाही लागू. "हलव्याचा साज" ही कल्पना. तुझ्या वहीतलं रेखाटन, तुझा फोटो, तू लिहून दिलेली कृतीची पानं, ही रूपं. क्लासच्या छापील पानांची कुणी झेरॉक्स विकायला काढली, तर तू हक्कानं अडवू शकतेस. ती पानं वाचून कुणी दागिना केला, तर नाही.

दागिन्याचा आकारच राखायचा असेल, तर डिझाइनचा वेगळा कायदा आहे, २००० सालचा. त्यात हातानं केलेल्या वस्तूही धरल्यात. नोंदणी दहा वर्षांची, पुढं पाच वाढवून मिळतात. व्यक्तीसाठी अर्जाची फी एक हजार रुपये. पण मेख अशी की अर्ज करण्याआधी तो आकार कुठंही प्रसिद्ध झालेला नसावा. तू फोटो टाकलास तिथंच तो विषय संपला. शिवाय नोंदणी होण्याजोगं डिझाइन नोंदवलंच नाही आणि औद्योगिक पद्धतीनं त्याचे पन्नासहून जास्त नग काढले, तर त्यावरचा कॉपीराइटही जातो असं कलम आहे. एक हंगाम चालणाऱ्या, पुढच्या पावसाळ्यात विरघळून जाणाऱ्या साखरेसाठी मी या वाटेला जाणार नाही. तुझ्या उद्योगाचं नाव मात्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाक. ऑनलाइन अर्जाला व्यक्तीला एका वर्गासाठी साडेचार हजार लागतात. नमुने येतील-जातील, गिऱ्हाईक नावावर येतं. मला ही नोंदणी करायची बुद्धी फार उशिरा झाली, तोवर माझ्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन दोघीजणी उभ्या राहिल्या होत्या.

आता तुझा शेवटचा प्रश्न, चिडायचा अधिकार. याचं उत्तर द्यायला मला माझंच एक जुनं लफडं काढावं लागेल.

२००१ साली मी पुण्याला एका प्रदर्शनात गेले होते. दोन वर्षं झाली होती उद्योगाला, डोक्यात हवा होती. तिथं एका बाईंच्या टेबलावर मोरपिसाचा बाजूबंद होता. पांढरा, पोपटी आणि निळा हलवा, डोळ्याच्या जागी एकच मोठा दाणा. मी टेबलासमोर दोनदा घिरट्या घातल्या, दाणे मोजले, आणि परतीच्या एसटीत तिकिटाच्या मागं काढून घेतला. पुढच्या संक्रांतीला कोल्हापुरात तसे चौदा बाजूबंद विकले. सगळं झोकात. फेब्रुवारीत रथसप्तमीच्या आधी एका घरी हळदीकुंकवाला गेले, तर त्या पुण्याच्या बाई तिथं बसलेल्या! अंबाबाईच्या दर्शनाला आल्या होत्या, त्या घरी नातं निघालं. समोर नवी सून, दंडात माझा बाजूबंद. त्यांनी सुनेला विचारलं, कुणी केला? सुनेनं माझ्याकडं बोट दाखवलं. त्यांनी मला विचारलं, "छान आहे. कुठं बघितलात?" आणि मी म्हणाले, "माझंच डिझाइन आहे."

त्या काही बोलल्या नाहीत. तिळगूळ खाल्ला, वाण घेतलं आणि उठल्या. बाजूबंद केला याची लाज मला आज वाटत नाही, खोटं बोलले त्याची वाटते. त्यांनी प्रश्न असा विचारला होता की खरं बोलायला जागा होती. "पुण्याला तुमच्याच टेबलावर" एवढे तीन शब्द, आणि तिथं मैत्री झाली असती. मी नंतर पत्ता मिळवून पत्र लिहिलं. उत्तर यायला पावसाळा उजाडला. त्यात माफी-बिफीचा विषयच नव्हता. एकच ओळ कामाची होती: तुमचा निळा रंग फुटलाय, रंग पहिल्यापासून घालू नका, शेवटच्या दोन पाकांतच घाला. मी तेव्हापासून तसंच करते, आणि क्लासमध्ये हे सांगताना ते पुण्याच्या एका बाईंनी शिकवलं असं दरवेळी सांगते. नाव त्यांनी घ्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून घेत नाही.

तेव्हा तू व्हिडिओ बघून शिकलीस यात काही वावगं नाही. आपण सगळ्या तशाच शिकलो. शाळेत कित्ता गिरवूनच अक्षर आलं. दारातल्या रांगोळ्या आपण आपल्या वहीत उतरवून घेतल्या आणि ती वही गल्लीत फिरली, एकीनंही म्हटलं नाही की माझे ठिपके परत दे. उखाण्याचं तर विचारूच नको. एका लग्नात घेतलेला उखाणा पुढच्या दहा लग्नांत नुसतं नवऱ्याचं नाव बदलून फिरतो आणि पहिली बाई कोण, हे कुणाच्या खिजगणतीतही नसतं. या देवघेवीवरच आपली हस्तकला जगली. कुणी म्हटलं, गाठ मारायची ही पद्धत माझी, कुणी मारायची नाही, तर हलव्याचे दागिने दोन पिढ्यांत संपले असते.

फरक कुठं पडतो? उतरवून घेतलेली रांगोळी कुणी विकत नव्हतं. पैसा आला की हिशेब बदलतो. मी तरी असं करते: कृती कुठूनही घेते, बिनधास्त. तयार नग जसाच्या तसा फक्त शिकायला करते, आणि तो घरात राहतो. विकायला ठेवायचा असेल तर त्यात माझं काहीतरी असावं लागतं, आणि ज्याच्यावरून सुचला त्याचं नाव घ्यावं लागतं. नाव घ्यायला पैसे पडत नाहीत. तरी माणसं तिथंच कंजूषपणा करतात.

मोठी माणसंही करतात. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं आपली कोल्हापुरी चप्पल चालवली, आठवतंय ना? अंगठा, पट्टा, वेणी, सगळं आपलं, आणि वर्णनात फक्त चामड्याचे सँडल. चप्पल लाइनीतले दुकानदार, सुभाषनगरातले कारागीर, सगळे चिडले, आणि चिडणं रास्तच होतं. पण त्यातली गोम बघ. कोल्हापुरी चप्पल एकट्या कोल्हापूरची कधीच नव्हती. भौगोलिक मानांकनातसुद्धा आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. अथणी-निपाणीकडचे कारागीर तीच चप्पल पिढ्यान्‌पिढ्या करतात, त्यांना इथं कुणी चोर म्हणत नाही. कारण ते कोल्हापुरीला कोल्हापुरी म्हणतात. ओरड झाल्यावर प्राडानं प्रेरणा कुठली ते कबूल केलं, त्यांची माणसं जुलैत इथं येऊन कारागिरांना भेटून गेली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर करार झाला: दोन हजार जोड, इकडच्या कारागिरांच्या हातचे, किंमत जोडाला आठशे युरोच्या आसपास. मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही गेली होती, ती टिकली नाही. ओरडीनं जे झालं ते कोर्टानं झालं नाही, हे लक्षात ठेव. आणि आपल्याच स्टँडबाहेर रेक्झिनची, खिळे ठोकलेली "कोल्हापुरी" ढिगानं विकली जाते, तिच्याविरुद्ध आपण कधी ओरडलो नाही, हेही.

(बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, आणि खिळ्याऐवजी चामड्याच्याच दोरीची शिलाई. एकदा ती पायात घातलेल्या माणसाला रेक्झिन पटत नाही. पण विषय सुटला.)

तुझ्या विद्यार्थिनीकडं परत येऊ. फोटो तिला काढायला लावायचाच. साजाबद्दल तिला काय म्हणायचं? मी असते तर म्हटलं असतं: साज कर, विक, पण खाली लिही की बडीशेपेची पद्धत अमक्या ताईंकडं शिकले. बहुतेकजणी लिहितात. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. क्लासच्या पहिल्या दिवशी आपण साखर किती, पाणी किती हे सांगतो, आणि शिकलेलं विकताना काय करायचं हे सांगायला लाजतो. मी आता पहिल्याच तासाला सांगते. मोत्याचे हार, नथ, कंबरपट्टा, बोरन्हाणाचा मुकुट-बासरी, हे सगळं शिकलात की उद्यापासून विका, मला विचारूही नका. पण त्या वर्षी मी नव्यानं केलेला एक नमुना असतो, तो शिकवते जरूर, फक्त पुढची संक्रांत होईपर्यंत विकायचा नाही. हे फीच्या पावतीवरही लिहिलेलं असतं. सत्तावीस वर्षांत हा शब्द दोघींनी मोडला. दोघींना पुढच्या क्लासला घेतलं नाही, एवढंच.

शिकवणं बंद करू नकोस. आपल्याकडं कुस्तीच्या तालमीत म्हणतात, वस्तादानं एक डाव राखून ठेवावा. खासबागेच्या मैदानात ते ठीक आहे, तिथं उद्या चेला वस्तादाच्याच अंगावर येऊ शकतो. आपल्या कामात राखलेला डाव सडतो. मी सुरुवातीला पाकाची तार कितपत ठेवायची ते सांगत नव्हते, गोलमाल बोलायचे. परिणाम काय? माझ्या क्लासच्या बायकांचा हलवा चिकट व्हायचा, लोक म्हणायचे, हिच्याकडं शिकलेल्यांना काही येत नाही. नाव माझंच खराब झालं. आता सगळं सांगते: परात कोमट हवी, पाक चमच्या-चमच्यानंच, विस्तव इतका मंद की हात परातीत फिरला पाहिजे, ढगाळ हवेत मांडूच नये. सांगूनही चार दिवस परातीसमोर बसायची चिकाटी दहांतल्या दोघींकडं असते. बाकीच्या तयार हलवा आणून दागिने करतात आणि सुखात असतात.

राखायचाच असेल तर वेळ राख. फोटो बंद करू नकोस, टाकायचा दिवस बदल. तू डिसेंबरच्या सुरुवातीला टाकलास, म्हणजे भर हंगामात सगळ्यांच्या हातात नमुना दिलास. मी नवीन नगाचा फोटो रथसप्तमी झाल्यावर टाकते. हंगामात तो फक्त चौकशी करणाऱ्या गिऱ्हाइकाला एकेकीला दाखवते. नंतर फोटो फिरला तरी कुणाला उतरवायला पुढच्या संक्रांतीची वाट बघावी लागते, आणि तोवर माझ्या वहीत पुढचं काहीतरी असतं. वही ठेव. तारीख घालून रेखाटन, कुठला हलवा, किती दाणे, कशावरून सुचलं. ही "कशावरून सुचलं"ची ओळ मी पुण्याच्या प्रकरणानंतर सुरू केली. ती लिहायला लागली की आपलं स्वतःचं नेमकं किती, ते कागदावर दिसतं. कधीकधी ओशाळायला होतं.

किमतीचं. तिनं निम्म्यात विकला म्हणून तू उतरू नकोस. आधी बघ, तिनं दाणे गाठलेत की कार्डशीटवर फेविकॉलनं चिकटवलेत. निम्मी किंमत बहुतेक तिथंच निघते. गाठायला एका साजाला मला दोन पूर्ण दुपारी लागतात, चिकटवायला दीड तास. चिकटवलेला वाईट असं मी म्हणत नाही, लांबून तो जास्त ठसठशीत दिसतो, मीही ऑर्डर तशी असेल तर करते. पण गाठलेला हलवा समारंभ झाल्यावर सोडवून खाता येतो, वाटता येतो. बोरन्हाणात लहान मूल हमखास हार तोंडात घालतं. गोंद लागलेला दाणा पोराच्या तोंडात जाऊ द्यायचा का, हे आईला विचार, मग ती किमतीची घासाघीस करत नाही. हे गिऱ्हाइकाला सांगताना दुसरीचं नाव काढायची गरज पडत नाही. आपली वस्तू कशी केली, एवढं सांगितलं की पुरतं.

एक दुकानदार मला असाच भेटला होता. कुठला ते राहू दे. नमुन्याला म्हणून सात नग ठेवून घेतले, महिनाभर "बघू, कळवतो" केलं, आणि परत मागायला गेले तर मागच्या खोलीत दोन मुली माझे नग समोर ठेवून तसेच चिकटवत बसल्या होत्या. मी काय करणार होते? नग उचलले आणि आले. त्या मुलींचा राग आला नाही, त्यांना रोजावर बसवलं होतं. त्यातली एक पुढं माझ्याकडं शिकायला आली, आज तिचा स्वतःचा उद्योग आहे आणि माझ्यापेक्षा बरा चालतो. त्या दुकानात मात्र मी परत गेले नाही, आणि कुणालाही नमुना ठेवायला देत नाही. दाखवायचा, फोटो काढू द्यायचा नाही, पिशवीत घालून घरी. शाहू स्मारकात प्रदर्शनात टेबल लावलं की लोक मोबाइल काढतातच, तिथं अडवत बसत नाही. तिथं जुनेच नमुने ठेवते.

सगळ्यात अवघड जागा तुझ्या प्रश्नात आली नाही, पण येणार, म्हणून सांगते. गिऱ्हाईक मोबाइल पुढं करून म्हणतं, "असंच हवं." फोटो नाशिकच्या नाहीतर ठाण्याच्या कुठल्या तरी बाईचा. नकार दिला तर ऑर्डर जाते. मी विचारते, यातलं काय आवडलं? रंग, घसघशीतपणा, की मधलं पदक? नव्वद वेळा उत्तर येतं, "तसं काही नाही हो, मोठं दिसायला हवं." मग माझ्या पद्धतीनं मोठं करून देते. अगदी तेच हवं असेल, तर फोटोखालचं नाव शोधून त्या बाईंचा नंबर देते. यात दोन-तीन ऑर्डर गेल्या. पण ठाण्याच्या एका बाईंनी दोन वर्षांपूर्वी कोल्हापुरातली पाच गिऱ्हाइकं माझ्याकडं पाठवली, तेव्हा हिशेब फिटला. हल्ली नवीन प्रकार आलाय, एआयनं केलेली चित्रं घेऊन येतात. हलव्याचा मुकुट, त्याला हलव्याच्याच साखळ्या हवेत लोंबतायत, दाण्याला दाणा कशानं धरलाय पत्ता नाही. एकीला मी म्हटलं, बाई, हा मुकुट ज्यानं केला त्याच्याकडंच मागा, मला दोरा लागतो.

तू स्वतः व्हिडिओ बघून शिकलीस, त्या बायकांपैकी दोघी-तिघींची नावं तुला नक्की आठवत असतील. पुढच्या पोस्टखाली ती लिहून टाक, उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही. मग विद्यार्थिनीला फोन करताना तुझा आवाज आपोआप नीट लागेल. चीड मनात असली तर असू दे. फोटोसाठी चिडायचा तुला पूर्ण अधिकार आहे, साजासाठी थोडा, बडीशेपेसाठी जरा जास्त, आणि आता तिथं तुझं नाव घेणारी मी एक आहेच. यंदाच्या क्लासला मी बडीशेपेचे जवमणी शिकवायचं म्हणतेय. तुझी परवानगी असेल तर, आणि तुझं नाव सांगून.

फक्त एवढं कळव, बडीशेप कुठली घेतेस? लखनवी बारीक की साधी? माझ्याकडं साधी होती, परवा परात मांडली, तर तिसऱ्याच दिवशी टोकं गोल झाली आणि काटा काही धरला नाही.